चांदी खरी होती

"हे पाह्य गा दिगू," म्हणत कौतिकामावशीनं पदराची गाठ सोडली आणि दोन जोडवी माझ्या पाटावर टाकली. ठेवली नाहीत, टाकली. त्यातलं एक घरंगळत शेगडीच्या राखेत जाऊन पडलं.

बुधवारचा बाजार होता. दुकानात चार बायका बसलेल्या, दोघी उंबऱ्यात. सगळ्यांच्या माना पाटाकडे वळल्या.

मी राखेतलं जोडवं चिमट्यानं उचललं. ओळखायला वेळ लागला नाही. मासोळीचा घाट, शेपटीवर तीन रेघा. वैशाखात तिच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा मीच घडवली होती ही जोडवी, आणि मांडवात नव्या सुनेच्या पायाशी बसून मीच ती बोटांत चढवली होती. तेव्हा दुधासारखी होती. आता तव्याच्या बुडासारखी.

"चांदी होय का कथील?" मावशीनं विचारलं.

"चांदी होय मावशी. चोख."

"मंग कारी काहून पडली? नव्या नवरीच्या पायात कारं जोडवं. माझी जाऊ म्हंते, सून अवलक्षनी आहे. मी म्हनलं, सून नाही बाई, सोनार अवलक्षनी असन."

उंबऱ्यातल्या दोघी हसल्या. हसण्यावारी न्यायला मीही हसलो, पण हसू गालापर्यंतच आलं. "बसा दोन घटका, उजळून देतो."

"बसतो. पोरीच्या बोटाले हळदीचा दोरा बांधून आली आहे. दोऱ्यावर किती दिवस संसार करन ते?"

मी जोडवी शेगडीवर तापवली, तेजाबाच्या, म्हणजे आम्लाच्या, पाण्यात बुडवली, रिठ्याच्या फेसात घासली. पुन्हा दुधासारखी झाली. मावशीनं ती उन्हात धरून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा जोडव्यांकडे.

"आठ दिवसानं येतो," ती म्हणाली.

आणि आठ दिवसांनी आली. जोडवी पुन्हा काळी.

देवबोडी हे आमच्या गावच्या तलावाचं नाव. बोडी म्हणजे खरं तर लहानसं तळं, पण आमची बोडी एवढी की या पाळीवरून हाक मारली तर त्या पाळीवरचा बगळा उडत नसे. कौतिकामावशी ढिवरांची. पाण्यातली मासोळी, शिंगाडा, कमळाचे कंद यांवर त्यांचं घर चाले. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे देवधान. कोणी पेरत नाही, नांगर लागत नाही, बैल लागत नाही. पाण्यात आपलं आपण उगवणारं भात. ऋषीपंचमीच्या उपासाला बैलाच्या कष्टाचं अन्न चालत नाही, म्हणून त्या दिवशी अख्ख्या गावातल्या बायका देवधानाचा भात खात. कार्तिकात ढिवरणी डोंग्यातून जाऊन, टोपल्या झुलवत ते झोडून आणत आणि भाद्रपदापर्यंत मडक्यात जपून ठेवत. पंचमीच्या आदल्या दिवशी कौतिकामावशी घरोघरी पसा पसा देऊन जाई. आमच्या आईचा पसा जरा मोठा असे.

माझे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बळीराम सोनार म्हटलं की पंचक्रोशीत पुढं प्रश्न नसे. त्यांच्या हातची चांदी कसोटीच्या दगडावर घासून पाहणं म्हणजे त्यांचा अपमान, असं लोक मानत. शेगडी माझ्या हाती आली तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि ते नाव मला वडिलांच्या अंगरख्यासारखं सैल होत होतं.

तिसऱ्या बुधवारी आणखी तीन सासवा आल्या. तिघी ढिवरटोलीच्याच. चौथ्या बुधवारी कोणी आलंच नाही. दोन घरची लग्नाची चांदी साकोलीच्या सोनाराकडे गेल्याचं पानवाल्यानं मुद्दाम थांबून सांगितलं.

त्या संध्याकाळी आई वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या बापानं चांदीत घामाशिवाय काही मिसळलं नाही. तू काय मिसळलंस?"

आईनं विचारल्यावर मात्र मला बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ढिवरटोलीत गेलो. कौतिकामावशी दारात जाळं पसरून फाटके डोळे सांधत होती. तिची नवी सून पुस्तकला आत भांडी घासत होती, पायात तीच काळी जोडवी.

"मावशी, पाय दाखवा."

"का गा? पाया पडतोस?"

"तुमच्या पायात माझ्या वडिलांची जोडवी आहेत. तीस वर्षांची. ती दाखवा."

मावशीनं लुगडं चिमूटभर वर घेतलं आणि पाऊल उन्हात ठेवलं. मी वाकून पाहिलं. तिनंही वाकून पाहिलं, जणू स्वतःचं पाऊल फार दिवसांनी पाहत होती. वडिलांची जोडवीही काळी होती.

"मले वाटलं, वयानं पडली असन," ती हळू म्हणाली. जाळ्याची सुई तशीच बोटांत. "नाही गा. बळीराम खोटा नाही होऊ सकत."

"मग मीही नाही."

"मंग खोटं कोन आहे?"

आतून पुस्तकला बोलली. लग्न होऊन आल्यापासून मी तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "आत्या, पाटलाच्या सुनेची नाही पडली कारी. ते बोडीत नाही उतरत."

मावशीनं मला डोंग्यात बसवलं. पोकळ खोडाचा तो डोंगा माझ्या वजनानं एका अंगाला कलला, तशी ती म्हणाली, "हलू नोको. सोनार बुडाला त लोक म्हंतीन, ढिवरनीनं चांदीपायी मारला."

श्रावण होता. बोडी काठोकाठ. वल्हं मारता मारता ती गुणगुणायला लागली. तिच्या तोंडात ओवी अशी सहज येई, जशी दुसऱ्यांच्या तोंडात जांभई येते.

"देवधान पिके बाई, नांगराच्या वाटेविना,
पान्याच्या पोटी दाना, कोनी पेरल्याविना.

बोडीच्या गादीमंधी, पाय माझा रुततो,
जोडव्याचा चंद्र बाई, उजळून निंगतो."

गाद म्हणजे तळाचा मऊ गाळ. ही ओवी मी लहानपणापासून ऐकली होती. आज तिच्यातला एक शब्द टोचला.

"मावशी, उजळून निंगतो?"

"हो त. माझी आजी गादीनंच चांदी घासे. बोडीतून निंगलं की जोडवं असं लखलख करे. तुझ्या बापाले रिठा लागे, आमाले नाही लागला कधी."

म्हणता म्हणता तिचं वल्हं थांबलं. दोघांनाही एकदमच उमगलं. ज्या गाळानं चांदी उजळायची, तोच गाळ आता ती काळी करत होता.

मी बरोबर चांदीची तार आणली होती. एक वडिलांच्या वेळच्या उरलेल्या चांदीची, एक माझ्या हातची, एक नव्या चोख पट्टीची. प्रत्येकीचे तुकडे केले, बांबूच्या काटक्यांना बांधले. काही काटक्या गाळात खोचल्या: काही पूर्वेला, नाला येऊन मिळतो तिथं, काही मधोमध, काही पश्चिमेच्या पाळीजवळ. आणि तीन तुकडे नुसते पाण्यात लोंबत सोडले, तळाला न टेकणारे.

आठ दिवसांनी काढले. पाण्यातले तिन्ही पांढरे. गाळातले सगळे काळे. पूर्वेचे तर इतके, की वडिलांची तार कुठली आणि माझी कुठली हे मलाच ओळखू येईना.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. डोंग्यात उभा राहिलो असतो तर पडलो असतो. "मावशी, पाहा. बाबांची, माझी, पट्टीची, सगळी सारखीच. माझी चांदी खरी आहे."

मावशी माझ्याकडे पाहतच नव्हती. तिनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि देवधानाचं एक ठोंब उपटून वर काढलं. ते फार सहज आलं.

"हे पाह्य."

मुळं काजळासारखी काळी होती. हाताला चिकट लागत होती. आणि वास. तो वास आला आणि मी ओळखला. कमरपट्ट्याच्या नक्षीत काळा रंग भरायचा असला की आम्ही चांदीला गंधक दाखवतो. तेव्हा दुकानात असाच वास भरतो, नासक्या अंड्याचा.

"देवधानाचं मूर कसं असते, सांगू?" मावशी म्हणाली. "गेरूवानी. तांबूस. हाताले लागलं त जसा काव लागला. अना आता पाह्य. गेल्या साली दाने पोचट निंगाले. औंदा ठोंबच रायत नाही जागेवर. वरून पानी हिरवं होऊन राह्यलं. खत कोनी टाकलं नाही, शेन कोनी टाकलं नाही, मंग हे शेवारं कोनाच्या जीवावर पोसते?"

"मावशी, हे गंधकाचं काम आहे."

"तुले कसं ठावं?"

"चांदीला काळं करणारं दुसरं काही मला माहीत नाही."

पूर्वेचा नाला तारेच्या कारखान्याकडून येई. हा कारखाना तीन वर्षांपूर्वी सडकेपलीकडे सुरू झाला होता. लोखंडी तारेवरचा गंज काढायला तिथं गंधकाचं तेजाब लागे, टाक्याच्या टाक्या. मला ठाऊक होतं. माझं तेजाब ज्या गाडीतून येई, त्याच गाडीत त्यांचे पिंप असत. माझी एक बाटली, त्यांचे चाळीस पिंप.

काठाला लागल्यावर उतरताना मावशी म्हणाली, "तुझी चांदी खरी निंगाली. आता बोडीचं सांग."

"कोणाला?"

"मंगरवारी जिल्ह्याचा साहेब येऊन राह्यला. आमी सव्वीस बाया अंगठे देऊन आलो. पन आमचं कोन आयकते? म्हंतीन, ढिवर आहेत, वासाची सवय आहेच यायले. तू सोनार आहेस. तेजाब अना चांदी दोन्ही तुले समजते. तू बोलजो."

"बोलीन."

"बळीरामची आन?"

"बाबांची आण."

मंगळवारी सकाळी सगळं गाव पाळीवर जमलं. साहेब तरुण होता, सभ्य होता. बरोबर बाटल्यांची पेटी. कारखान्याचे मॅनेजर सप्रे स्वतः आले होते, पांढरा सदरा, हातात छत्री. मावशीनं पदरात गाळातल्या आणि पाण्यातल्या तारा बांधून आणल्या होत्या.

साहेबानं काठावरून वाकून बाटली भरली. त्यात निळ्या कागदाची पट्टी बुडवली. पट्टी निळीच राहिली.

"तेजाब असतं तर ही लाल झाली असती," साहेब सगळ्यांना दिसेल अशी पट्टी धरून म्हणाला.

"आम्ही चुना टाकून तेजाब मारतो आणि मगच पाणी सोडतो," सप्रे म्हणाले. "हवं तर मी पिऊन दाखवतो."

आणि खरंच ओंजळभर प्यायले. मधे हिरवट असलं तरी काठाशी पाणी काचेसारखं होतं, नाल्याच्या तोंडाशी तर जास्तच.

"साहेब," मावशी पुढं झाली, "पानी वरूनच पाह्यलं तुमी. खाली पाय घाला ना जरा."

"बाई, पायानं पाणी तपासत नसतात."

लोक हसले. मावशीसुद्धा हसली. "आमी त पायानंच तपासतो, बाप्पा. आमाले दुसरं यंत्र नाही." मग तिनं मला हाक मारली. "दिगू, सांग."

मी पुढं झालो. तारा हातात आल्यावर बळ आलं. एक एक तार वर धरून सांगितलं. ही पाण्यातली, ही गाळातली. ही बाबांची, ही माझी. माझ्या चांदीत खोट नाही. गर्दीत माना हलल्या. साकोलीला चांदी नेलेले दोघंही त्यात होते; त्यांच्या माना हलताना मी पाहिल्या. आई पाळीच्या वडाखाली उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला.

"आणि?" साहेबानं विचारलं. वही उघडून तो खरोखर ऐकत होता.

"आणि गाळात... गाळाला वास येतो, साहेब. तो..."

"एक विचारू का?" सप्रे मधेच म्हणाले. आवाज अगदी गोड. "सोनारबुवा, तुम्ही चांदी कशात उजळता?"

"तेजाबात."

"कोणत्या?"

"गंधकाच्या."

"मग उरलेलं पाणी कुठं टाकता?"

माझ्या दुकानाची मोरी मागच्या गल्लीत निघत होती. गल्ली नाल्याला मिळत होती. नाला देवबोडीत. आजोबांपासून तसंच चालत आलेलं. रोजचा एक पेला, फार तर दोन.

सगळ्या गावाला माझी मोरी ठाऊक होती.

"तसं पाह्यलं त," कोणीतरी मागून म्हणालं, "सोनाराचं पानी त बोडीतच जाते." दुसरं कोणी म्हणालं, "हो ना गा."

मला एवढंच म्हणायचं होतं की माझा पेला आणि त्यांचे चाळीस पिंप. एवढं एक वाक्य. ते जिभेवर होतं. पण समोर माना होत्या, नुकत्याच माझ्या बाजूनं हललेल्या. त्या पुन्हा वळतील, असं वाटलं. वडाखाली आई होती.

"मला त्यातलं तेवढं कळत नाही, साहेब," मी म्हणालो. "चांदी खरी आहे, एवढंच मी सांगू शकतो."

साहेबानं वही मिटली.

मावशी माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. डोंग्याला कुठं भोक पडलंय ते शोधताना ती पाही, तशी. मग तिनं माझ्या हातातल्या तारा घेतल्या, पदराला बांधल्या. "चाल पुस्तकला," म्हणाली, आणि दोघी पाळीवरून उतरून गेल्या.

पुढच्या बुधवारी दुकानात बसायला जागा नव्हती.

ऋषीपंचमीच्या आदल्या दिवशी मी मागच्या दारी उभा होतो, तर मावशी येताना दिसली. मी आत सरकलो. ती येणार नाही, असं मी धरून चाललो होतो. तिनं आईला हाक मारली आणि पळसाच्या पानातून देवधान दिलं. पसाभर नव्हतं, मूठभर होतं.

"औंदा एवढंच आहे, बाई. घरोघरी नाही पुरलं. तुमचा उपास मोडू नये म्हनून आनलं."

"कौतिका, दिगूनं त्या दिवशी..." आई अडखळली.

"उपास तुमचा आहे," मावशी म्हणाली. "त्याचं त्याच्याजवर."

मग मला न पाहता, मी दाराआड आहे हे ठाऊक असल्यासारखी, तिनं दुसरं पान उंबऱ्यावर ठेवलं. त्यात गाळातल्या तारा होत्या. "दिगूच्या आहेत. त्याले सांगजा, उजळू नोको म्हना."

आईनं त्या दिवशी दोन घास भात खाल्ला आणि ताट माझ्यापुढं सरकवलं. "तू खा," म्हणाली. देवधानाचा भात तांबूस असतो, चवीला गोडसर. तो मला गिळता आला नाही.

आमच्या घरात आलेलं ते शेवटचं देवधान. पुढच्या दोन वर्षांत बोडीतून ते पार गेलं. मग कमळं गेली. पाणी शेवाळानं इतकं दाट झालं की ढोरं तोंड लावेनात. मोरीचं पाणी मी त्याच महिन्यात बंद केलं. परसात खड्डा करून, चुना मारून, तिथंच जिरवू लागलो. त्यानं बोडीला काय होणार होतं. मावशी गेली तेव्हा मी खांदा द्यायला गेलो. तिच्या पायात वडिलांची जोडवी होती. काळीच. मी तिच्या मुलाला म्हणालो, उजळून देतो. तो म्हणाला, "माय नोको म्हने."

चाळीस वर्षं झाली. कारखाना केव्हाच बंद पडला, त्याच्या फाटकातून बाभळी वर आल्यात. शेगडी मी थंड केली त्यालाही सहा वर्षं झाली.

परवाच्या उन्हाळ्यात पुस्तकला आली. साठीची झालीय, आवाज आता पाळीपलीकडे जातो. ढिवरटोलीच्या बायकांचा गट तीच चालवते. बरोबर तिची मुलगी मंदा होती, कॉलेजात रसायन शिकवणारी. बायकांनी सलग तीन उन्हाळे आटल्या बोडीचा काळा गाळ उपसून काढला होता. नवेगावकडच्या एका तळ्यातून देवधानाचे ठोंब आणून लावले होते. दोनदा मेले. तिसऱ्यांदा लावायच्या आधी त्यांना गाळ कसा आहे ते पाहायचं होतं.

"सोनारभाऊ," पुस्तकला म्हणाली, "चांदीची तार पायजे. यंत्र म्हाग आहे. आत्याचं यंत्र मले ठावं आहे."

मी आतून वडिलांची पितळी डबी आणली. तारा तशाच होत्या, काळ्या. मंदानं एक उचलून चष्म्याजवळ नेली.

"मामा, हे काय असतं माहीत आहे का?" ती म्हणाली. "चुन्यानं तेजाबाचं आंबटपण मरतं, गंधक नाही मरत. ते पाण्यातून निमूट जातं, पट्टीलाही दिसत नाही. खाली गाळात हवा नसते. तिथं त्याचं हे असं चांदी काळी करणारं रूप होतं. आणि गाळात लोखंड असतं. म्हणून तर मुळं तांबूस दिसायची. ते लोखंड एक काम करत असतं. झाडाचं खत, फॉस्फरस, धरून ठेवतं, पाण्यात सुटू देत नाही. हे गंधक आलं की लोखंड खत सोडून त्याच्याकडे जातं."

"म्हंजे दुसऱ्याचा हात धरते," पुस्तकला म्हणाली.

"तसंच समज. आणि सुटलेलं खत वर पाण्यात. मग शेवाळ."

कौतिकामावशीच्या प्रश्नाचं उत्तर मला असं चाळीस वर्षांनी मिळालं. हे शेवारं कोनाच्या जीवावर पोसते.

"मामा, आई सांगते, तेव्हा तुमच्या मोरीवर आळ आला होता," मंदा म्हणाली. माझं तोंड पाहून तिनं आवाज मऊ केला. "मनात ठेवू नका. मी आकडे मांडून पाहिलेत. तुमच्या पेलाभर पाण्यानं एवढ्या बोडीला काहीसुद्धा होत नाही. तुम्हाला ते तेव्हा माहीत नव्हतं, एवढंच."

"माहीत होतं," मी म्हणालो.

मंदानं आईकडे पाहिलं. पुस्तकला डबीतल्या तारांकडे पाहत होती.

"तेव्हाही माहीत होतं, बाळ. पाळीवर उभा होतो, तोंडात वाक्य होतं. चांदी खरी निघाली होती, म्हणून गिळलं."

पुस्तकलानं डबीचं झाकण लावलं आणि ती मला परत दिली. "आत्याले बी माहीत होतं," ती म्हणाली. "पाळीवरून उतरताना म्हने, सोनाराले समजते सारं, पन त्याचे पाय नाही रुतले कधी."

नवी तार मी स्वतः ओढून दिली. आणि बांबूच्या काटक्या खोचायला मी आलो. बायका नको म्हणत होत्या. धोतर खोचून मी पूर्वेच्या तोंडाशी पाण्यात उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा माझा पाय देवबोडीच्या गादीत रुतला. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. गार होती, मऊ होती. मागून कोणीतरी हसत म्हणालं, "सोनारभाऊ, लग्नाची जोडवी घालून यायचं होतं."

पंधरा दिवसांनी तारा काढल्या. सगळ्या बायका पाळीवर बसलेल्या. पुस्तकलानं एक एक काटकी माझ्या हातात दिली.

"सांगा."

मी उन्हाकडे तोंड करून पाहिलं. घाई केली नाही.

"पश्चिमेची पांढरी आहे," मी म्हणालो. "मधली पिवळट. पूर्वेची..." सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. पांढरी म्हणालो असतो तर त्या दिवशी गावात गुळाचा भात शिजला असता. "पूर्वेची काळी आहे. पहिल्यासारखी नाही, पण काळी. तिथं अजून एक उन्हाळा उपसावं लागेल. तिथं ठोंब लावू नका, मरतील."

कोणीतरी उसासा टाकला. पुस्तकला मात्र मान हलवत होती. "पश्चिमेले लावू," ती म्हणाली. "पूर्वेले औंदा नाही." आणि पदर खोचून ती पाण्यात उतरली. तिच्यामागून बाकीच्या. कोणीतरी ओवी धरली. जोडव्याच्या चंद्राशी आल्यावर ती बाई थांबली, तिनं पुस्तकलाकडे पाहिलं, आणि ओवी पुढं म्हटली.

मी काठावर बसून पायाचा चिखल वाळू दिला. मंदानं पाण्याचा तांब्या आणला होता.

"मामा, पाय धुऊन घ्या."

"राहू दे थोडा वेळ," मी म्हणालो.